कोडाचा डाग कातडीवर, पण बघायला हवे आतही



उसाचे पान पांढरे पडले की तुम्ही ते पान हातात धरून आमच्या कार्यालयात येता. "साहेब, केवडा पडलाय, काय मारू?" मग आम्ही विचारतो, जमीन चुनखडीची आहे का, पाणी साचते का, शेंड्याची पाने पांढरी आहेत की बुडाची. लोह कमी पडले असेल तर हिराकशीची फवारणी सांगतो. मक्या-ज्वारीवर पडतो त्यालाही आपण केवडाच म्हणतो, पण तो रोग बुरशीचा. तिथे हिराकस कितीही फवारली तरी उपयोग नाही. नाव एकच, दिसायला सारखेच, पण कारण निराळे. म्हणून पान पांढरे दिसले की आधी मूळ बघायचे, मग पंप पाठीवर घ्यायचा, हे आता तुम्हाला सांगायची गरज उरलेली नाही.

मागच्या खरिपात एका गावी शिवारफेरी झाली. चहा पिता पिता एका शेतकऱ्याने सदऱ्याची बाही वर सरकवली आणि हात माझ्यापुढे धरला. कोपरापासून मनगटापर्यंत दुधासारखे पांढरे चट्टे. म्हणाला, "पानाचं बघता, तर हे बी बघा की साहेब. ह्याच्यावर काय फवारायचं?" सगळे हसले. तो हसला नाही.

मी डॉक्टर नाही. कृषी पदविका घेतलेला विस्तार अधिकारी आहे. पण कोड हा विषय माझ्या घरातला आहे. माझ्या थोरल्या बहिणीला तेराव्या वर्षी, १९९६ साली, ओठाच्या कडेला आणि बोटांच्या पेरांवर पहिला डाग उठला. तेव्हापासून आमच्या घरात जे घडले, जे चुकले आणि नंतर जाणत्या डॉक्टरांकडून जे कळले, ते आज लिहितो आहे. कारण आम्ही वीस वर्षे फक्त तिच्या कातडीकडे बघत राहिलो.

ताईच्या डागावर पहिला इलाज झाला तो बावचीचा. वडिलांनी एका वैदूकडून बी आणले, आईने उगाळून लावले, आणि ताई तशीच भुईमूग खुरपायला गेली. दुपारपर्यंत हाताला टरारून फोड आले. बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते. त्याने कातडी उन्हाला फार हळवी होते. डॉक्टरही त्याच जातीचे औषध वापरत आले आहेत, पण मोजून, आणि ऊनही मोजून. आपल्याकडे औषध अंदाजाने आणि ऊन दिवसभर. पुढे मासे बंद, दूध बंद, आंबट बंद. घरात ताक झाले की ताईने वास घेऊन उठायचे. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड उठतो याला काहीही आधार नाही, हे आम्हाला फार उशिरा समजले. वाढत्या वयाच्या पोरीचे खाणे तेवढे तुटले.

सोयरीक जमायला सहा वर्षे गेली. लग्न झाले, दोन मुले झाली. धाकट्याच्या पाठीवर ताई थकायला लागली. सकाळी उठवत नसे. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, केस गळायचे, चैत्राच्या उन्हाळ्यातही अंगावर वाकळ लागायची. वजन वाढले. सासरी शब्द ठरलेला: "अंगाला लागलंय, आता काम नको वाटतंय." तालुक्याच्या एका दवाखान्यात दोन वर्षे ताकदीचे टॉनिक आणि डागाचे मलम चालू होते. २०१५ साली ती तापाने दुसऱ्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ताप बघितला, मग हात बघितले आणि विचारले, "थायरॉइड कधी तपासलंय का?" रक्तातला टीएसएच साधारण पाचच्या आत असावा लागतो. ताईचा ऐंशीच्या वर होता.

राखणीचे कुत्रे घरच्याच शेळीला

कोड म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेल्या की तेवढी जागा पांढरी पडते. इतपत बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या मरतात कशाने? अंगातच रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. ती कधी कधी चुकते आणि आपल्याच रंगपेशींना परके समजून मारून टाकते. राखणीला ठेवलेले कुत्रे घरच्याच शेळीवर पडावे, तसा हा प्रकार. म्हणजे हा संसर्ग नव्हे, पोषणाची उणीव नव्हे, आणि कुणाच्या पापाचे फळ तर नव्हेच नव्हे. जगात शंभर माणसांत साधारण अर्धा ते दोन जणांना कोड असतो. निम्म्याच्या आसपास लोकांना तो विशीच्या आत सुरू होतो.

घराण्यात थोडा कल असतो, हे खरे. पण फक्त रक्तानेच ठरते असे नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांत एकाला कोड असेल, तर दुसऱ्याला तो शंभरात तेवीस वेळा आढळला. एकच बियाणे, तरी बाकीच्या सत्त्याहत्तरांना नाही. म्हणजे बियाण्यासोबत हवामानाचाही काही भाग आहे. सोयरीक मोडणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता मुद्दा असा, की एकदा एका शेळीवर पडलेले कुत्रे दुसरीवर पडणार नाही, याची खात्री कोण देणार? ज्या माणसाची फौज रंगपेशींच्या बाबतीत चुकली, तिची चूक इतर अवयवांच्या बाबतीतही होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. सगळ्यांना होते असे मुळीच नाही. पुष्कळ लोक कोड घेऊन ऐंशी वर्षे ठणठणीत जगतात. पण शक्यता जास्त आहे, एवढे माहीत असले तर ताईची तीन-चार वर्षे वाया जात नाहीत.

कोंबडीच्या एका वाणाने दाखवलेली गोष्ट

ही गोष्ट मला आमच्या खात्यातली वाटते म्हणून जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात स्मिथ नावाच्या कुक्कुटशास्त्रज्ञाने एक वाण जोपासला. त्याला त्यांच्याच नावाने स्मिथ वाण म्हणतात. ही पिले जन्मतात तपकिरी पिसांची. वाढीच्या वयात पिसातला रंग जायला लागतो आणि कोंबडी पांढरी होते. शोध घेतल्यावर कळले, की हा माणसाच्या कोडासारखाच प्रकार आहे. अंगातली फौज पिसाच्या मुळातल्या रंगपेशी मारते.

पण खरी गंमत पुढे आहे. या कोंबड्यांपैकी कितीतरींना डोळ्याच्या आत दाह होतो आणि काही पार आंधळ्या होतात. काहींची थायरॉइड ग्रंथी बिघडते. काहींची पिसे जागोजाग झडतात, माणसाला चाई पडावी तशी. म्हणजे रोग दिसतो पिसात, पण त्याचे हात डोळ्यापर्यंत आणि गळ्यातल्या ग्रंथीपर्यंत पोचलेले असतात. शिवाय असेही दिसले, की या वाणाच्या पिलांना टर्कीच्या विषाणूपासून केलेली मरेक्सची लस उबवणीनंतर लगेच दिली, तर रंग जाण्याचे प्रमाण वाढते. दुसऱ्या वाणाच्या पिलांना त्याच लशीने काही होत नाही. (कुक्कुटपालकांनो, यावरून मरेक्सची लस बंद करू नका! हा दोष फक्त त्या एका वाणात आहे.) मुळात कल असलेल्या अंगाला बाहेरचे एखादे निमित्त पुरते, एवढाच याचा अर्थ.

म्हशीचे मात्र निराळे. म्हशीच्या खाण्यात तांबे कमी पडले, की तिची कातडी नि केस जागोजाग पांढरे पडतात, आणि खनिज मिश्रण दिले की पुष्कळदा रंग परत येतो. हे बघून आपल्याकडे कोडाच्या माणसालाही तांब्याच्या भांड्यातले पाणी पाजतात. तिथे पुन्हा केवड्याचीच चूक. म्हशीचा पांढरेपणा कमतरतेचा, माणसाचा फौजेच्या चुकीचा. तांब्याने तो हटत नाही.

थायरॉइड सगळ्यात आधी

कोडाच्या लोकांत सगळ्यात जास्त सापडतो तो थायरॉइडचा बिघाड. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र केल्यावर शंभरात पंधराच्या आसपास असे प्रमाण निघाले, म्हणजे सातातल्या एकाला. बायकांत तो जास्त. ग्रंथी मंद पडली तर ताईला झाले तेच सगळे होते: थकवा, थंडी, सूज, बद्धकोष्ठ, पाळी बिघडणे, दिवस न राहणे. ग्रंथी फार तेज झाली तर उलटे होते. छाती धडधडते, हात कापतात, खाऊनही माणूस वाळतो, उन्हाळा सोसत नाही. दोन्हींचा शोध रक्ताच्या एका तपासणीने लागतो आणि दोन्हींवर इलाज आहेत. म्हणून ज्याच्या अंगावर कोड आहे, त्याने एकदा टीएसएच करून घ्यावा आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करावा. गरोदरपणी तर विसरूच नये. आईचा थायरॉइड मंद असेल, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीला धोका असतो. आशाताईंना माझी विनंती आहे, की नोंदीच्या वेळी बाईच्या हातावर कोड दिसला तर थायरॉइडचे आवर्जून विचारावे.

दुसरा बिघाड पोटातला. अन्नातले ब-१२ जीवनसत्त्व रक्तात जायला जठरात तयार होणारे एक द्रव्य लागते. फौजेने त्या पेशी मारल्या, की ब-१२ कितीही खाल्ले तरी नीट अंगी लागत नाही. मग रक्त कमी, जीभ गुळगुळीत नि लाल, हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणे. आपल्याकडे माळकरी आणि शाकाहारी घरांत ब-१२ तसेही कमी पडते. त्यामुळे डॉक्टर गोळी देऊन मोकळे होतात. गोळीने फरक पडला नाही आणि अंगावर कोड असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. इंजेक्शनची गरज लागू शकते.

तिसरा मधुमेहाचा एक प्रकार. म्हातारपणी वजनाने येतो तो नव्हे, तर पोरांना-तरुणांना येतो तो, ज्यात पहिल्यापासून इन्सुलिन घ्यावे लागते. पोर सारखे पाणी पिते, रात्री लघवीला चार वेळा उठते, वाळत चालले आहे, असे असेल तर दृष्ट काढत बसू नका. त्याच दिवशी साखर तपासा. चौथा आजार फार विरळा, पण जिवावरचा. मूत्रपिंडावर एक लहान ग्रंथी असते, ती निकामी होते. यात उलटेच दिसते. डाग पांढरे, पण बाकीची कातडी, हिरड्या, तळहाताच्या रेषा काळवंडत जातात, चक्कर येते, मीठ खावेसे वाटते, उलट्या होतात. संधिवाताचा एक प्रकार आणि डोक्याला पडणारी चाई हेही याच गोतावळ्यातले.

अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखा उठलेला कोड थोडा निराळा असतो. तो काही दिवस वाढून बहुधा थांबतो आणि त्याच्यासोबत असे आतले आजार कमी आढळतात.

डोळा, कान आणि केसाचे मूळ

रंगपेशी फक्त कातडीत असतात असे आपण धरून चालतो. त्या डोळ्याच्या आतल्या पडद्यात असतात, कानाच्या आतल्या गोगलगायीसारख्या भागातही असतात. कोडाच्या बहुतेक माणसांची नजर चांगलीच राहते, हे आधी सांगतो. पण काहींना डोळ्याच्या आत दाह होतो. डोळा लाल, दुखरा, उजेड सोसत नाही, धुरकट दिसते. अशा वेळी मेडिकलमधून थेंब आणून घालू नयेत, नेत्रतज्ज्ञाकडेच जावे. एक विरळा आजार असा आहे, की आधी डोके जोरात दुखते, मान ताठते, कानात आवाज येतो, दोन्ही डोळ्यांना अंधुक दिसू लागते, आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी पापण्यांचे केस पांढरे होऊन कातडीवर कोड उठतो. इथे डाग शेवटी येतो. वेळेत औषध मिळाले तर नजर वाचते. कानाचे म्हणाल तर काहींना बारीक, उंच पट्टीचे आवाज थोडे कमी ऐकू येतात. पुष्कळांच्या ते ध्यानातही येत नाही.

केसाचे मात्र प्रत्येकाने स्वतः बघण्यासारखे आहे. डागावरचे केस अजून काळे असतील तर आशा बरी. कारण रंग परत येतो तो केसाच्या मुळाशी राखीव राहिलेल्या पेशींतून. ऊस तोडला तरी जमिनीतल्या डोळ्यांतून खोडवा फुटतो ना, तसा. म्हणून डाग भरताना आधी केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके दिसतात आणि मग ते एकमेकांना मिळतात. केसच पांढरे झाले असतील, किंवा बोटांची टोके, ओठ अशी बिनकेसाची जागा असेल, तर खोडवा फुटायला डोळेच नाहीत. तिथे इलाज अवघड. ताईच्या पेरांवरचे डाग अजून आहेत. चेहऱ्यावरचा मात्र पुष्कळ भरला.

इलाज आज आहेत. दाह थांबवणारी मलमे, दवाखान्यातल्या ठराविक किरणांचा शेक, डाग वाढायचा थांबला असेल तर चांगल्या कातडीतल्या पेशी डागावर बसवणे. २०२२ साली अमेरिकेत रुक्सोलिटिनिब नावाच्या मलमाला खास कोडासाठी परवानगी मिळाली. ते थेट फौजेची चूकच रोखते. पण प्रत्येक इलाजाला महिने लागतात, आणि लवकर सुरू केला तर गुण जास्त.

शेतात राबणाऱ्याने आणखी काही जपावे. पांढऱ्या डागाला उन्हापासून राखण नसते, तो लवकर भाजतो. पूर्ण बाहीचा सुती सदरा, डोक्याला उपरणे, आणि जमेल ते काम सकाळी नि उन्हे उतरल्यावर. घासणे, खरचटणे, दोरीचा काच यांनी नवा डाग उठू शकतो. त्यामुळे नाडीची घट्ट गाठ आणि सायकलच्या मुठीची, खुरप्याच्या दांड्याची रोजची घासणी याकडे लक्ष ठेवावे. रबरी चपलेच्या पट्ट्यात आणि कपाळाच्या टिकलीच्या गोंदात कधी कधी असे रसायन असते, की त्याने नेमक्या तेवढ्या जागी रंग जातो. पावलावर पट्ट्याच्या आकाराचा डाग दिसला, तर आधी चप्पल बदला.

महारोग आणि कोड एक नव्हे

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील मंडळींसाठी हे लिहितो. जुन्या लोकांनी याला श्वेतकुष्ठ नाव दिले आणि तिथे घोटाळा झाला. महारोग जंतूचा आहे. त्याचा चट्टा सहसा दुधासारखा पांढरा नसतो. तो फिकट किंवा तांबूस असतो आणि तिथे बहुधा बधिरपणा असतो, टोचलेले कळत नाही. कोडाच्या डागावर मुंगी चावलेलीही कळते. कोड शिवून, जेवून, एकत्र राहून कुणाला होत नाही. आणि महारोगही औषधाने पूर्ण बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. महारोगाच्या कारणाने घटस्फोट मागण्याची कायद्यातली तरतूदसुद्धा २०१९ साली काढून टाकली गेली. तेव्हा कोडाच्या सुनेला माहेरी धाडणाऱ्याने कायद्याचे नाव घेऊ नये.

मायकल जॅक्सन नावाचा अमेरिकन गायक होता. गोरा दिसायला कातडी बदलली, असे लोक त्याला म्हणत. १९९३ साली त्याने दूरचित्रवाणीवर सांगितले, की मला कोड आहे. फार थोड्यांनी विश्वास ठेवला. २००९ साली तो वारला तेव्हा शवविच्छेदनाच्या अहवालात कोडाची नोंद निघाली. त्याच्या मृत्यूचा दिवस, २५ जून, आता जगभर कोड दिन म्हणून पाळतात. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर वस्तीवरच्या पोरीचे काय होत असेल! शाळेत मागच्या बाकावर बसणे, लग्नकार्याला न जाणे, फोटोत हात पदराखाली लपवणे, हे सगळे ताईने केले. मनाचे खचणे हाही या रोगाचाच भाग आहे आणि त्यालाही डॉक्टर आहेत.

शिवारफेरीतल्या त्या शेतकऱ्याला मी एवढेच म्हणालो, की फवारायचे काही नाही, पण रक्त तपासून या. तो ग्रामीण रुग्णालयात गेला, तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात. थायरॉइड चांगला निघाला, रक्तातले ब-१२ मात्र फार कमी होते. पायाला मुंग्या येतात, हे त्याने आम्हाला कुणाला सांगितलेच नव्हते. त्याला वाटत होते, चिखलात उभे राहून येतात.

ताईची गोळी चालू आहे. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचे अंतर. ताईने त्याची सोय अशी केली आहे: गोळ्यांची डबी गोठ्याच्या खिडकीत ठेवते. उठली की गोळी, मग दोन म्हशींची धार, मग चूल. धार काढून होईपर्यंत चहाची वेळ झालेली असते.